श्रीलंकेची यादी करताना : आधी महिना, मग रस्ता, मग तिकीट

परभणीत आमच्या ओळखीची तीन कुटुंबं गेल्या दोन वर्षांत श्रीलंकेला जाऊन आली. तिघांनीही निघण्याआधी यादी केली होती आणि तिघांचीही यादी तिथं गेल्यावर फसली. एकांनी सहा दिवसांत सतरा ठिकाणं धरली. त्यांचा निम्मा प्रवास गाडीच्या काचेतून झाला. दुसरे मे महिन्याच्या शेवटी दक्षिण किनाऱ्यावर पोचले आणि खोलीच्या खिडकीतून पाऊस बघून परत आले. तिसऱ्यांना डोंगरातल्या रेल्वेत बसायचं होतं. तिकीट तिथंच काढू म्हणाले, राखीव जागा मिळाली नाही.

मी स्वतः श्रीलंका अजून पाहिलेली नाही. येत्या फेब्रुवारीत आई, बायको आणि मी निघतोय, आणि आमची यादी आतापर्यंत तीनदा फाडून पुन्हा लिहिली आहे. त्यामुळे न पाहिलेल्या बेटाची यादी कोणत्या क्रमानं करायची, एवढंच इथं सांगणार आहे. बहुतेकांचा क्रम असा असतो : आधी स्वस्त विमान, मग रजा, मग ठिकाणांची नावं, आणि हवामानाचा विचार विमानतळावर उतरल्यावर. तो पुरता उलटा करायचा आहे.

टप्पा १ : प्रत्येकाची कच्ची यादी वेगळी

घरातल्या प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि एकमेकांचं न बघता लिहायला सांगा. एकत्र बसून लिहिलं की ज्याचा मोबाईल मोठा त्याची यादी होते.

प्रत्येक नावापुढं एक ओळ हवी : तिथं जाऊन मी काय करणार? ‘बघणार’ हे उत्तर चालत नाही. माझ्या कागदावर सिगिरिया होतं. पुढं लिहिलं, ‘अजिंठा लहानपणापासून पाहतोय, पाचव्या शतकातल्या राजा काश्यपाच्या काळातली भित्तिचित्रं त्याच डोळ्यांनी बघायची.’ बायकोनं डोंगरातली रेल्वे आणि चहाचे मळे लिहिले. आईच्या कागदावर एकच नाव होतं, अनुराधापूर. संघमित्रेनं बोधगयेहून नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष तिथं आहे. त्याखाली बसून वंदना म्हणायची, असं तिनं लिहिलं, आणि खाली, ‘बाकी तुम्ही कुठंबी न्या.’

या कागदावरून यादीचा कणा ठरतो. ज्या नावापुढं ओळ सुचत नाही ते नाव दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओतून आलेलं असतं. खोडू नका, पण पेन्सिलनं गोल करून ठेवा.

तपासा : घरातल्या प्रत्येकाचं किमान एक नाव असं आहे का, जे हुकलं तर त्याला मनापासून वाईट वाटेल? तेच आधी धरायचं.

टप्पा २ : महिना ठरवा, तोही तिथल्या पावसावरून

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं थांबून वाचा.

आपल्याकडं पाऊस एकदा येतो आणि जातो. श्रीलंकेत दोन मोसमी पाऊस आहेत आणि ते बेटाच्या वेगवेगळ्या बाजूंना पडतात. साधारण मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस : कोलंबो, गॉल, मिरिस्सा हा पश्चिम-दक्षिण किनारा आणि मधला डोंगराळ भाग ओला. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस : त्रिंकोमाली, बट्टिकलोआ ही पूर्व बाजू आणि उत्तरेकडचा भाग ओला. एक बाजू भिजत असते तेव्हा दुसरी बहुधा उघडी असते. म्हणून ‘श्रीलंकेला कधी जावं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. तुमच्या यादीत कोणता किनारा आहे त्यावर ते ठरतं.

आता आपल्या सुट्ट्या त्यावर बसवून बघा.

दिवाळीची सुट्टी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. हा दोन मोसमांमधला काळ. दुपारनंतर ढग भरून विजांसह पाऊस जवळजवळ कुठंही होतो, आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमारास येतात. समुद्रकिनाऱ्यासाठी मी हा काळ धरणार नाही. जुनी नगरं बघायची असतील तर सकाळी फिरून दुपारी परत यायचं, अशी यादी करा.

डिसेंबर अखेर ते मार्च हा दक्षिण-पश्चिम किनारा आणि डोंगराळ भाग दोन्हींसाठी चांगला काळ. मिरिस्साजवळचे देवमासे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल दिसतात. श्रीपाद शिखराची यात्राही डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वैशाख पौर्णिमेपर्यंत असते.

शाळेच्या उन्हाळी सुट्टीतच जायचं असेल तर दक्षिण किनारा सोडा आणि पूर्वेला वळा. एप्रिल ते सप्टेंबर त्रिंकोमाली, पासिकुडा इथला समुद्र शांत असतो. मिन्नेरियाच्या राष्ट्रीय उद्यानात हत्तींचे मोठे कळप जमतात ते मात्र जुलै ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत, तळ्याचं पाणी आटून काठावर कोवळं गवत उगवतं तेव्हा. मे महिन्यात जाऊन ‘हत्तींचा मेळा’ यादीत ठेवला तर निराशा ठरलेली.

सावधान, पौर्णिमा : दर पौर्णिमेला श्रीलंकेत सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूविक्री बंद, मांसाची दुकानं बंद, बरीच कार्यालयं बंद आणि विहारांत मोठी गर्दी. घरातल्या कालनिर्णयमध्ये पौर्णिमा बघून पेन्सिलनं खूण करा. कधी एका दिवसाचा फरक पडतो, म्हणून तिथली सुट्ट्यांची यादीही ताडून पाहा. बौद्ध यात्रेकरूंना पोया मुद्दाम साधायचा असेल तर जरूर साधा, पण त्या रात्रीची खोली फार आधी धरा.

सावधान, एप्रिल : १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. लोक गावी जातात, बसगाड्या खचाखच भरतात, दुकानं आणि खानावळी बंद राहतात. १४ एप्रिलची जयंती आटोपून १५ ला निघू, असं आपल्याकडं पुष्कळ जण म्हणतात. मी निदान आठवडाभर थांबेन.

मागे मी अंदमानला जूनमध्ये गेलो होतो. तिकीट स्वस्त मिळालं एवढाच विचार केला होता. समुद्र खवळलेला, बोटी रद्द, सहापैकी तीन दिवस आम्ही पोर्ट ब्लेअरलाच काढले. बायकोला नील बेट बघायचं होतं, ते राहिलंच. तेव्हापासून महिना आधी, तिकीट नंतर.

टप्पा ३ : नकाशा मराठवाड्याच्या मापानं वाचा

श्रीलंकेचं क्षेत्रफळ सुमारे ६५,६०० चौरस किलोमीटर आहे. आपल्या आठ जिल्ह्यांचा मराठवाडा साधारण तेवढाच, ६४,५०० चौरस किलोमीटरच्या आसपास. हे कळलं की माणूस म्हणतो, ‘मग काय, छोटासाच देश!’ आणि तिथंच यादी बिघडते.

आता असं करा. बाहेरगावचा पाहुणा तुमच्याकडं सहा दिवसांसाठी आलाय असं समजा. त्याला वेरूळ, अजिंठा, पैठण, औंढा, परळी, आंबेजोगाई, तुळजापूर, नळदुर्ग, माहूर आणि सहस्रकुंड दाखवाल का? दाखवलंत तर त्याच्या लक्षात काय राहील? तुम्ही त्याला दोन-तीन दिशा सोडून द्यायला सांगाल. श्रीलंकेच्या यादीवर तोच न्याय लावा.

वर तिथं मधोमध डोंगर आहे. परभणी-नांदेड रस्त्याचा हिशोब कँडीच्या पुढं चालत नाही. अंदाजासाठी काही अंतरं :

कोलंबोचा विमानतळ शहरात नाही, उत्तरेला कटुनायके इथं आहे, नेगोंबो गावाजवळ. तिथून सिगिरिया सुमारे १५० किलोमीटर, चार तास धरा. सिगिरिया ते कँडी ९० किलोमीटर, अडीच ते तीन तास. कँडी ते नुवारा एलिया फक्त ७५-८० किलोमीटर, तरी घाटामुळं तीन तासांच्या आसपास. कँडी ते एल्ला रेल्वेनं सहा-सात तास. गॉल ते कोलंबो मात्र द्रुतगती मार्गानं दोन तासांत होतं. कोलंबो ते जाफना सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे अख्खा दिवस.

करायचं काय? मोठ्या कागदावर बेटाची बाह्यरेषा काढा, यादीतली ठिकाणं टिंबांनी मांडा आणि टिंबांमधल्या रेघेवर तास लिहा, किलोमीटर नको. मग एका दिशेनं जाणारी, मागं न वळणारी रेघ शोधा. ज्या टिंबासाठी रेघ उलटी फिरते, ते टिंब संशयित.

तपासा : कोणत्याही एका दिवशी गाडीत पाच तासांपेक्षा जास्त जातात का? असा दिवस रेल्वेचा नसेल तर एखादं नाव काढा. आणि प्रत्येक मुक्कामाला दोन रात्री आहेत का? एका रात्रीचा मुक्काम म्हणजे बॅग उघडणं आणि भरणं.

टप्पा ४ : कात्री

वहीत तीन रकाने पाडा : ‘जाणारच’, ‘वाटेत आलं तर’, ‘पुढच्या वेळी’. तिसरा रकाना महत्त्वाचा आहे. खोडलेल्या नावावरून घरात भांडण होतं, पुढच्या वेळी ढकललेल्या नावावरून होत नाही. आमच्या तिसऱ्या रकान्यात जाफना, त्रिंकोमालीचं कोणेश्वर मंदिर आणि ‘याला’ नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. फेब्रुवारीत त्रिंकोमालीला पावसाची शक्यता म्हणून ते गेलं. जाफना लांब म्हणून गेलं. ‘याला’ मात्र मी स्वतः काढलं : बिबट्या दिसेल या आशेवर पहाटेपासून जीपमध्ये बसणं आईला झेपणार नाही. एल्लाहून खाली उतरताना उडावालावे फार आडवाटेला नाही, तिथं हत्ती वर्षभर दिसतात. ते दुसऱ्या रकान्यात.

गुडघ्यांचा विचार इथंच करायचा, तिथं पायथ्याशी उभं राहून नाही. सिगिरियाला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत आणि वरच्या टप्प्यात खडकाला जोडलेले लोखंडी जिने. श्रीपाद शिखर २,२४३ मीटर उंच, तिथं पायऱ्या हजारोंनी आहेत आणि चढाई रात्री असते. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर निघण्याच्या दोन महिने आधी देवगिरीच्या किल्ल्यावर नेऊन बघा. बालेकिल्ल्यापर्यंत गेले तर सिगिरिया जमेल. अंधारीपाशीच बसले तर त्यांच्यासाठी पायथ्याच्या बागा आणि संग्रहालय, आणि तुम्ही एकटे वर. आई महाकोटाच्या पुढं थोडी चालली आणि म्हणाली, बास. त्यामुळे सिगिरियाला ती खाली थांबणार हे आताच ठरलंय, तिथं रुसवा-फुगवा नाही.

रामायणाशी जोडलेली ठिकाणं आपल्याकडच्या बऱ्याच सहलींत डझनावारी असतात. ती बेटभर विखुरलेली आहेत. श्रद्धेनं जाणाऱ्यांनी त्यातली वाटेवरची निवडावीत. नुवारा एलियाजवळचं सीता अम्मन मंदिर आणि एल्लाजवळचा रावण धबधबा रेल्वेच्याच पट्ट्यात येतात.

टप्पा ५ : कागदपत्रं

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालू हवा. आपल्या भागात अडचण येते ती जन्मतारखेची. जुन्या पिढीची आधारवर १ जानेवारी आणि शाळेच्या टीसीवर १ जून असते. अर्ज करण्याआधी सगळ्या कागदांवर एकच तारीख आणि एकाच स्पेलिंगचं नाव करून घ्या. आईच्या कागदांचं एवढं एकच काम करायला आम्हाला अडीच महिने लागले.

विमानाचं तिकीट काढताना नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका. आपल्याकडं स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर एकाच रकान्यात असतं. तिकिटावर मधलं नाव गाळलं की विमानतळावर प्रश्न विचारले जातात.

श्रीलंकेत जाण्याआधी ऑनलाइन प्रवास परवानगी, म्हणजे ईटीए काढून ठेवा. तिचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललेत. म्हणून शेजाऱ्यानं सांगितलेला आकडा धरू नका, तिथल्या सरकारच्या अधिकृत ईटीए संकेतस्थळावर त्या आठवड्यात काय लिहिलंय ते वाचा.

सावधान : शोधताना वर येणारी बरीच पानं मध्यस्थांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी श्रीलंका सरकारची खूण (gov.lk) असलेलंच पान उघडा.

टप्पा ६ : तिकिटांचा क्रम

आधी विमान. मुंबईहून कोलंबो थेट अडीच तासांच्या आसपास. नांदेड, लातूर, धाराशिवकडच्यांनी हैदराबादचे दरही बघावेत. देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरून त्याच सकाळचं विमान धरू नका. संध्याकाळचं किंवा रात्रीचं घ्या, नाहीतर एक रात्र मुंबईत काढा. परतीलाही तेच : उतरण्याची वेळ आणि आपली रेल्वे यांत निदान सहा तास असू द्या.

मग डोंगरी रेल्वे. कँडी, नानू ओया, हापुताले, एल्ला, बादुल्ला हा मार्ग. नुवारा एलियाचं स्टेशन म्हणजे नानू ओया, ते गावापासून थोडं दूर आहे. राखीव जागा प्रवासाच्या ३० दिवस आधी खुल्या होतात आणि भराभर संपतात. तो दिवस कॅलेंडरवर लाल करा. जागा नाही मिळाली तर बिगरराखीव डब्यानं जाता येतं, पण सहा-सात तास उभं राहायची तयारी हवी. त्यापेक्षा नानू ओया ते एल्ला असा छोटा टप्पा धरा. दरडी कोसळल्या की हा मार्ग काही काळ बंद होतो, म्हणून तारीख धरण्यापूर्वी गाडी पूर्ण मार्गावर धावतेय का ते बघा. रेल्वेची तारीख पक्की झाल्यावरच कँडी आणि एल्लाच्या खोल्या घ्या. उलट केलं तर खोली एका दिवसाची आणि गाडी दुसऱ्या दिवसाची होते.

शेवटी चालकासह गाडी. ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या : इंधन, टोल, चालकाचं जेवण-राहणं, आणि रोजचे किलोमीटर. मसाल्याच्या बागा आणि रत्नांची दुकानं वाटेत लागतात, तिथं थांबायचं नसेल तर पहिल्याच दिवशी गोडीत सांगून टाका.

टप्पा ७ : सोबत काय

विहारांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, शक्यतो पांढरे. चप्पल-टोपी बाहेर ठेवावी लागते, आणि अनुराधापूरची फरशी-वाळू दुपारी पाय भाजते. जाड मोजे घ्या, दर्शन सकाळी नऊच्या आत उरका. बुद्धमूर्तीकडं पाठ करून फोटो काढणं तिथं मोठा अपमान समजतात. मुलांना हे घरूनच सांगून न्या. सिगिरियाच्या भित्तिचित्रांचे फोटो काढायला मनाई आहे.

नुवारा एलिया सुमारे १,८७० मीटर उंचीवर आहे. फेब्रुवारीत तिथं स्वेटर लागतो. परभणीच्या उन्हातून निघताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. भाजी दिसते, आमटी दिसते, पण सांबोल या नारळाच्या चटणीत आणि बऱ्याच भाज्यांत ‘मालदीव फिश’ म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. ‘मासा नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘मालदीव फिशही नको’ असं म्हणा. ‘सैव’ लिहिलेली तमिळ खानावळ दिसली तर निर्धास्त आत जा. परिप्पू म्हणजे आपली मसूरडाळ, नारळ घातलेली. पोळ रोटी म्हणजे खोबऱ्याची रोटी. तिखट आपल्याला जड जाणार नाही, पण भाकरी नाही याची तयारी ठेवा. आई ज्वारीचं पीठ सोबत घेणार म्हणाली होती. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यावर तडजोड झाली आहे.

पैसे : एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीनच्या आसपास श्रीलंकन रुपये मिळतात, दर बदलतो. खोलीचे दर डॉलरमध्ये, रिक्षाचे स्थानिक रुपयांत आणि आपलं डोकं भारतीय रुपयांत. यात घोळ होतो. वहीत सगळं एकाच चलनात लिहा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथं आपलं यूपीआय सुरू झालंय, पण क्यूआर असलेल्या सगळ्याच दुकानांत चालेल असं धरून चालू नका, रोख जवळ हवी. सिगिरिया-पोलोन्नरुवासारख्या ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट कमी दरात असतं. खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखवा.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, पण चौकोनी तीन काड्यांचे सॉकेट बरेच, अॅडाप्टर घ्या. घड्याळ बदलायचं नाही, वेळ एकच आहे.

टप्पा ८ : एका पानाचा रोजचा कागद

शेवटी प्रत्येक दिवसाला दोन ओळी : सकाळी काय, मुक्काम कुठं. दुपार कोरी ठेवा. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी अर्धा दिवस काहीच लिहू नका; ज्येष्ठांना आणि मुलांना तो लागतो, आणि पावसानं हुकलेलं काही असेल तर तिथं बसवता येतं.

आमचं पान असं आहे. नेगोंबो एक रात्र, कारण विमान उशिरा उतरतं. अनुराधापूर दोन रात्री. सिगिरिया दोन, त्यात डांबुल्लाच्या लेण्या. कँडी दोन, त्यात बुद्धांच्या दंतधातूच्या मंदिरातली संध्याकाळची पूजा. रेल्वेनं एल्ला दोन. गॉल दोन. तिथून थेट विमानतळ. अकरा रात्री, सहा मुक्काम. सुरुवातीला तीन कागदांवर मिळून एकतीस नावं होती.

या पानाच्या तीन प्रती काढल्यात. एक माझ्या खिशात, एक घरी भावाकडं. तिसरी आईच्या पिशवीत, मोठ्या अक्षरात. तिच्या प्रतीवर अनुराधापूरच्या दोन ओळींखाली तिनं स्वतःच्या हातानं रेघ ओढून ठेवली आहे.